अन्नाला कर्ण म्हणण्याआधी

या वेळचं पत्र सोलापूरहून आलंय. जागेअभावी थोडं कमी करून देते.

«मॅडम, नमस्कार. मी पूर्व भागातला, मागवाल्याचा मुलगा. घरात तेलुगू, बाहेर मराठी. ३३ वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर आत्मचरित्र लिहायला घेतलं, १४० पानं झालीत.

एका जुन्या सहकाऱ्याला वाचायला दिलं. तो म्हणाला, 'सर, व्यास दिसले, ज्ञानोबा दिसले, तुकोबा दिसले. तुमची आई काय कुठं दिसंना की ओ.' मन खट्टू झालं. अम्मा बिड्या वळायची. तिच्याबद्दल मी लिहिलंय, 'दळिता कांडिता गाणारी जनीच आमच्या घरी सूप मांडीवर घेऊन बसली होती.' यात काय चुकलं? (खरं तर बिड्या मोजताना कुणी बोललेलं तिला खपायचं नाही, आकडा चुकायचा. ती तेलुगूत मोजायची.)

पुण्यातल्या मुलीचं म्हणणं उलटंच. तिला तुकोबा कळले, पण 'भोंगा', 'गड्डा' कळलं नाही. घरात सगळे गप्प झाले की आजोबा 'मार्शल लॉ लागला का?' म्हणायचे, तेही कळलं नाही. धाकटा भाऊ पंधराव्या वर्षी तापानं गेला. त्या वर्षी रथ समोरून जाताना वडील म्हणाले, 'मार्कंडेय एकच झाला.' ही ओळही तिला समजली नाही. तळटीपा द्या, नाहीतर काढून टाका म्हणते.

थोरला भाऊ, अन्ना, तेलुगू शाळेतून चौथीत नाव काढून मागावर बसला, म्हणून मी शिकलो. त्याला मी 'आमच्या घरातला कर्ण' म्हटलंय. पुढं घराची वाटणी झाली. त्यावर फार लिहिलं नाही, 'रथाचं चाक रुतलं' एवढं एकच वाक्य आहे. अन्ना आता ७४ वर्षांचा आहे. चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात गेली, आता कानानं अगदी कमी ऐकतो.

हे सगळे उल्लेख ठेवू की काढू? पुस्तकाचं नाव 'रुतलेलं चाक' असं योजलंय.»

सर, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. बिड्या मोजताना कुणी बोललेलं अम्मांना खपायचं नाही, आकडा चुकायचा, आणि त्या तेलुगूत मोजायच्या. हे वाचलं आणि मला त्या दिसल्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बोटांत दोरा, ओठांवर 'इरवै ऐदु', म्हणजे पंचवीस, आणि दारातून काहीतरी विचारायला आलेला, तिथंच थबकलेला एक मुलगा. तुमच्या सहकाऱ्याला ही बाई भेटायला हवी होती. तुम्ही त्याला जनाबाई दाखवलीत.

जनाबाई दळताना गात होती. अम्मा मोजताना सगळ्यांना गप्प बसवत होत्या. हजार बिड्यांवर मजुरी ठरते. कट्ट्यात, म्हणजे बिड्यांच्या जुडीत, एक बिडी कमी भरली तर कारखान्यात बोलणी कुणाला खावी लागतात, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलंय. अनंताला गाण्याइतकी मोकळीक त्या कामात नव्हतीच. म्हणून तो उल्लेख जास्तीचा आहे एवढ्यावर मी थांबणार नाही. तो चुकीचा आहे. अम्मांच्या अंगावर त्यानं दुसऱ्या बाईचं लुगडं घातलंय.

हे मी अनुभवानं सांगतेय. माझ्या आजीवर लिहिलेल्या पहिल्या लेखात मीही जातं, पहाट आणि ओव्या आणल्या होत्या. लेख छापून आला आणि मी तो आत्याला वाचून दाखवला. ती शांतपणे म्हणाली, 'आई कुठं गं ओव्या म्हणायची? ती दळताना हिशेब करायची. कुणाकडून किती पायली ज्वारी यायची, कुणाची किती द्यायची.' मी त्याच घरात वाढले होते, आजीचा तो पुटपुटणारा आवाज माझ्या कानात होता. तरी लिहायला बसल्यावर मी तिच्या तोंडी पुस्तकातली ओवी घातली. त्याचं मला आजही वाईट वाटतं. आता आत्याही नाही, आणि तो हिशेब मला कुणीच सांगू शकणार नाही.

तेव्हा ठेवू की काढू, याचं सरसकट उत्तर मी देणार नाही. एकेक उल्लेख समोर घ्या आणि विचारा, हा त्या वेळी आमच्या घरात होता का? कुणाच्या तोंडी होता? की आत्ता टेबलाशी बसल्यावर, इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून, आपोआप हाताला लागला?

वारकरी कीर्तनात बुवा प्रमाण घेतात ते आठवा. ओळीची सुरुवात ते करतात आणि पुढचं मागचे टाळकरी उचलतात, कधी मंडपात बसलेल्या बायकाही. बुवांना तिथं अर्थ फोडून सांगावा लागत नाही, कारण ओळ आधीच सगळ्यांना पाठ आहे. सूचक उल्लेख असाच चालतो. तुम्ही अर्धं म्हणायचं, वाचकानं अर्धं पुरं करायचं. पुरं करताना तो तुमच्या शेजारी येऊन बसतो, हे या युक्तीचं मोठं बळ आहे. पण त्यात एक धोकाही आहे. वाचक ओळ कशी पुरी करील, हे नंतर तुमच्या हातात राहत नाही. हे लक्षात ठेवा, अन्नांकडे येताना मला ते लागणार आहे.

तुम्ही तुकोबा शिकवलेत, म्हणून तुमच्याशी त्यांच्याच आधारानं बोलते. 'याती शूद्र वैश केला वेवसाव' हा अभंग म्हणजे काही कडव्यांत सांगितलेलं आत्मचरित्र आहे. बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून सांगतो, असं म्हणून ते सुरू करतात. त्यात दुष्काळ येतो: 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.' या ओळीत हरिश्चंद्र नाही, नळ-दमयंती नाही. पुराणांतल्या गोष्टी ज्यांच्या जिभेवर होत्या, त्यांनी बायकोच्या भुकेपुढं एकही दाखला आणला नाही. 'अन्न अन्न' हे तिचं बोलणं, तेवढं ठेवलं.

आता दुसरा अभंग घ्या, 'नामदेवें केलें स्वप्नामाजीं जागें'. आपल्याला कवित्व कुठून आलं, ते इथं सांगायचंय. आणि इथं उल्लेखांची दाटी आहे. स्वप्नात नामदेव येतात, बरोबर पांडुरंग. वाउगं बोलू नको, कवित्व कर, असं काम सांगतात. मग शतकोटीचा आकडा निघतो आणि 'उरले शेवटीं लावी तुका'. शतकोटी अभंग हा नामदेवांच्या संकल्पाचा आकडा आहे. त्याच्याही मागं रामकथा उभी आहे. दिवेलागणीला रामरक्षा म्हणणाऱ्या पोरालाही 'चरितं रघुनाथस्य शतकोटिप्रविस्तरम्' पाठ असतं. म्हणजे एका आकड्यात तुकोबा वाल्मीकी आणि नामदेव यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. तेही रांगेच्या शेवटी, उरलेलं काम पुरं करणारा म्हणून. त्याच अभंगात विठ्ठलाच्या हाती माप आहे. ते माप दुकानातलं, धान्य मोजणाऱ्या घरातलं, तुकोबांच्या स्वतःच्या व्यवसायातलं. एवढा नम्रपणा आणि एवढा मोठा दावा एकाच ओळीत मावला, तो त्या उल्लेखामुळं. मला हा अभंग वाचताना दर वेळी थांबावं लागतं.

एकच माणूस, दोन्हीकडे स्वतःबद्दल बोलतोय. दुखलं तिथं उघडे शब्द, वारसा सांगायचा तिथं उल्लेख. आणि तो वारसा हाताशी कसा आला, तेही पहिल्या अभंगात सांगून ठेवलंय: 'कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें । विश्वासें आदरें करोनियां.' पाठ केली होती ती. तुमचंही तसंच आहे ना? तेलुगू बोलणाऱ्या घरातल्या पोराला पहिली मराठी ओवी कुणी पाठ करायला लावली? ती म्हणताना तुमच्या उच्चारांना वर्गात कुणी हसलं का? घरी येऊन ती ओवी अम्मांना म्हणून दाखवली, तेव्हा त्यांना काय कळलं? ज्ञानोबा तुमच्या आयुष्यात ज्या दिवशी आले, तो दिवस आधी लिहा. त्यानंतरच्या पानांवर ते आले तर वाचकाला परके वाटणार नाहीत. तुमच्या घरात ज्ञानेश्वरी जन्मानं आलेली नाही, तुम्ही ती कमावलीत. ही गोष्ट सोन्यासारखी आहे, आणि नुसत्या ओव्या जागोजाग पेरल्यानं तीच झाकली जातेय.

मार्कंडेयाच्या ओळीला मात्र हात लावू नका. मुलगी काहीही म्हणो.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मार्कंडेयाला सोळाच वर्षांचं आयुष्य होतं. यम आला तेव्हा त्यानं शिवलिंगाला मिठी मारली आणि शंकरानं त्याला सोडवलं. तेलुगू विणकरांचा पद्मशाली समाज मार्कंडेय ऋषींना आपला मूळपुरुष मानतो आणि सोलापुरात नारळी पौर्णिमेला त्यांचा रथ निघतो. सर, त्या रथापुढं उभं राहून, पंधराव्या वर्षी पोर गेलेला बाप म्हणतो, 'मार्कंडेय एकच झाला.' हा उल्लेख तुम्ही केलेला नाही, वडिलांनी केला. रथ समोर होता, देव स्वतःच्या कुळाचा होता. त्या तीन शब्दांत त्यांची तक्रार आहे, आणि तिचा स्वीकारही आहे. यावर कुणी काही लिहू नये, तुम्हीसुद्धा. फक्त एक करा. चार-पाच पानं आधी, रथाच्या एखाद्या चांगल्या वर्षी, वडील पोरांना मार्कंडेयाची गोष्ट सांगताहेत असा प्रसंग येऊ द्या. धाकटा त्यात असू द्या. मग पुण्याच्या मुलीला तळटीप लागणार नाही, आणि ती ओळ आली की तिला पुस्तक खाली ठेवावं लागेल.

'भोंगा' आणि 'गड्डा' यांनाही हेच औषध. 'भोंगा म्हणजे गिरणीची पाळी सुरू झाल्याची सूचना' असं खाली लिहिलंत, तर वाचक एक माहिती घेऊन पुढं जाईल. 'भोंगा झाला की शेजारच्या घरांतून डबे घेतलेली माणसं बाहेर पडायची आणि अम्मा आम्हाला उठवायची' असं लिहिलंत, तर त्याला घड्याळही मिळालं आणि गल्लीही. गड्ड्याचं, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचं, वर्णन करत बसू नका. संक्रांत, सिद्धेश्वराचे नंदीध्वज, अक्षता, होम मैदानावरचे पाळणे, हे सोलापूरकराला त्या एका शब्दात मिळतं. बाकीच्यांना वडिलांच्या खांद्यावर झोपलेला धाकटा आणि त्याच्या मुठीतली पिपाणी पुरेल.

आजोबांच्या 'मार्शल लॉ'ला थोडी जास्त जागा द्या. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, काही दिवस इंग्रजांचा अंमल गावावरून उठला आणि मग लष्करी कायदा आला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. चार पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पण हा सगळा इतिहास तुमच्या पुस्तकात नको, तो इतरत्र भरपूर आहे. आजोबांनी स्वतः त्या दिवसांतलं काय पाहिलं, काय सांगितलं, तेवढं एक वाक्य हवं. ते तुम्हाला आठवत नसेल, तर अन्नांना आठवत असेल. विचारा. घरातल्या शांततेला त्या म्हाताऱ्यानं ते नाव का द्यावं, हे त्या एका आठवणीतून उमगेल.

एक व्यवहाराची गोष्ट. संतांच्या ओळी घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. अलीकडच्या कवीची आख्खी कविता घेणार असाल, तर आपल्याकडं कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडं असतात. छापण्याआधी त्यांना पत्र लिहा. सूचक उल्लेखाला असलं काही लागत नाही.

आता नाव. सुनीता देशपांडे यांच्या १९९० मधल्या आत्मकथनाचं नाव 'आहे मनोहर तरी'. मूळ ओळ पुढं 'गमते उदास' अशी जाते. ते दोन शब्द मुखपृष्ठावर नाहीत. ते वाचकानं मनात म्हणायचे, आणि ते म्हटले की पुस्तक उघडण्याआधीच त्याला अर्धं कळलेलं असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ मध्ये 'अक्करमाशी' हे नाव दिलं. तोळ्याचे मासे बारा. अकरा म्हणजे एक कमी, सोनं खोटं. माणसाच्या जन्माला लावलेला हा शब्द त्यांनी स्वतःच उचलला आणि पुस्तकावर ठेवला. पहिल्या नावात अर्धी ओळ गाळलेली आहे, दुसऱ्यात शिवी उघड मांडलेली आहे. दोन्हीकडं लेखकाला पक्कं माहीत आहे की वाचक पुढं काय म्हणणार.

'रुतलेलं चाक' या नावापुढं वाचक काय म्हणेल, याचा विचार तुम्ही केलाय का?

मराठी माणसाला चाक रुतलं की पुढची ओळ आपोआप सुचते. चाक काढायला कर्ण खाली उतरला, थांब म्हणाला, आणि अर्जुनानं बाण सोडला. अर्जुन त्याचा धाकटा भाऊ होता. तुम्हाला 'कर्ण' म्हणताना अन्नांचं दातृत्व म्हणायचं होतं, हे मला दिसतं. स्वतःची शाळा त्यांनी तुम्हाला दिली, कवचकुंडलं काढून द्यावीत तशी. पण कर्णाला बोलावलंत की पाठोपाठ सगळी कथा येते. कुंती येते, तिची लपवालपवी येते, आणि अर्जुनाची जागा रिकामी राहत नाही. घरात थोरला कर्ण असेल, तर धाकटा कोण, हे वाचक क्षणात ठरवतो.

वाटणीत काय झालं मला माहीत नाही आणि मी अंदाज करणार नाही. कदाचित काहीच वावगं झालं नसेल. मग हे वाक्य तुमच्यावर विनाकारण आळ घेतंय. कदाचित झालं असेल. मग हे वाक्य कबुली देतंय आणि त्याच वेळी ती लपवतंय. दोन्ही बाजूंनी ते तिथं राहू नये. सगळ्या पुस्तकात तुम्ही एवढे मोकळे, आणि वाटणीला एक वाक्य, तेही व्यासांचं. इथं दुखतंय, म्हणून उल्लेख आलाय. तुकोबांनी नेमकं उलटं केलं होतं.

अन्नांच्या मुलांचाही विचार करा. उघड विधान असेल तर ती म्हणू शकतात, काका, हे असं नव्हतं. आडून केलेल्या इशाऱ्याला उत्तर देता येत नाही. नुसतंच लागून राहतं. आणि आणखी एक, सर. कर्ण म्हणजे कान. ज्या भावाचे कान मागानं नेले, त्याला तुम्ही हे नाव दिलंय. तुमच्या मनातही हे नसेल, पण शब्द तुमच्या परवानगीनं अर्थ देत नाहीत. त्या घरातलं कुणीतरी हे वाचेल आणि त्याला तेच पहिलं दिसेल.

तेव्हा तो दिवस साध्या शब्दांत लिहा. कोण कुठं बसलं होतं. चहा कुणी केला. कागद कोणत्या भाषेत होता आणि तो मोठ्यानं कुणी वाचला. चौथीपर्यंत तेलुगू शाळेत गेलेल्या अन्नांना त्यातलं किती कळलं, त्यांनी सही केली की अंगठा दिला, आणि मराठीचे शिक्षक असलेले तुम्ही त्या वेळी काय केलंत. अम्मा असतील तर त्या कुठं पाहत होत्या. एकाही माणसाला महाभारतातलं नाव देऊ नका. पंधरा दिवस ते पान बाजूला ठेवा. मग वाचा. कर्ण तरीही यायलाच हवा असं वाटलं, तर त्याला आणा. तेव्हा तो कशासाठी येतोय, हे तुम्हाला ठाऊक असेल. पुस्तकाचं नाव तोवर ठरवू नका.

तुमच्याकडं एक म्हण आहे, 'इंट गेलिचि रच्च गेलुवु', आधी घर जिंकावं, मग चावडी. तुमच्या पत्रात ती नव्हती, पण अम्मांच्या तोंडी असणार. ते पान छापायला देण्याआधी अन्नांपर्यंत जायला हवं. मराठी वाचणं त्यांना जड जाईल, ऐकू कमी येतं. म्हणजे वाचून दाखवून भागणार नाही. त्यांच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी बसून, तेलुगूत, मोठ्यानं सांगावं लागेल. गल्लीला ऐकू जाईल असं वाटलं तर दार लावून घ्या, पण सांगा. ते जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत, तेलुगूतच, देवनागरीत उतरवून घ्या आणि त्या पानाच्या शेवटी ठेवा. काहीच बोलले नाहीत, तर ते किती वेळ गप्प बसले आणि त्यांचे हात तेव्हा काय करत होते, ते लिहा.